चार बोटांची फट

दुकानाचा फोन वाजला आणि पलीकडून कोणी "मालकांना द्या" म्हणालं, की गेली चार वर्षं माझं एकच उत्तर ठरलेलं होतं: "मालक बाहेर गेलेत, काही निरोप आहे का?" मालक कुठेही गेलेले नसत. मालक म्हणजे मीच. निरोप मी नीट वहीत लिहून घ्यायची, तासभर जाऊ द्यायची आणि मग परत फोन करून सांगायची, "मालकांनी हो म्हटलंय." नवऱ्याने हे एकदा ऐकलं. त्या दिवसापासून तो संध्याकाळी घरात शिरला की चपला काढता काढता विचारतो, "मालक आलेत का?"

हसण्यासारखंच आहे, मीही हसते. पण आमच्या घरची शिकवणच तशी होती. स्वतःची टिमकी स्वतः वाजवू नये, आणि मुलींनी तर नाहीच नाही. भावाला बक्षीस मिळालं की आई शेजारीपाजारी पेढे वाटायची, मला मिळालं की म्हणायची, "ठेव कपाटात, लोकांची नजर चांगली नसते." मी ठेवलं. पुढे कपाटात ठेवायची सवयच लागली.

दुकान गोधड्यांचं. साताऱ्याहून कासच्या पठाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर, फुलांच्या दिवसांत गाड्यांची रांग लागते तिथे. गोधड्या येतात जालना जिल्ह्यातल्या केदारखेड्याहून. चार वर्षांपूर्वी संभाजीनगरच्या एका प्रदर्शनात संगीता नावाची एक तरतरीत बाई सहा गोधड्या घेऊन बसली होती. "माझ्या सासूनं शिवल्यात," एवढंच ती म्हणाली आणि खाली बघायला लागली. मी सहाच्या सहा उचलल्या. तेव्हापासून पार्सलने गोधड्या येतात, संगीताशी फोनवर बोलणं होतं, पण तिच्या सासूबाईंना, कौसाबाईंना, मी एकदाही पाहिलं नव्हतं.

या हिवाळ्यात महाबळेश्वरच्या एका हॉटेलवाल्या बाईंनी चाळीस गोधड्यांची चौकशी केली. अट एकच. दोन मिनिटांचा व्हिडिओ पाठवा, पण गोधड्यांचा नको, तुमचा स्वतःचा. तुम्ही कोण, काय करता, आणि आम्ही तुमच्याकडूनच का घ्यायच्या, ते तुमच्या तोंडून सांगा. सोमवारपर्यंत. मागच्या वर्षी अशीच एक संधी आली होती. तेव्हा मी दोरीवर वाळणाऱ्या गोधड्यांचा व्हिडिओ केला, मागे बासरी लावली, आणि पाठवला. उत्तरच आलं नाही. आणि यंदा ही चौकशी आली नेमका त्याच आठवड्यात संगीताचा फोन आला. "ताई, सहाजणीतल्या दोघी कापसाला गेल्या. काम कमी पडू राह्यलं. उरलेल्या बी किती दिवस थांबतील?" म्हणजे हे काम हातचं गेलं तर गोधडी शिवणाऱ्या बायका पांगणार होत्या, आणि ते माझ्या जिभेवर येऊन थांबलं होतं.

मग मी युक्ती काढली. आपणच केदारखेड्याला जायचं आणि कौसाबाईंना बोलायला लावायचं. गोधडी त्यांची, बोलणंही त्यांनाच शोभेल. नवऱ्याला हा विचार फार उदात्त वाटला. खरं कारण मला ठाऊक होतं.

बदनापूर

प्रवासाचा कंटाळवाणा भाग सोडून देते, पण बदनापूर सोडून चालणार नाही. संभाजीनगरहून पॅसेंजर पकडली होती. डोळा लागला. जाग आली तेव्हा डब्यातली निम्मी माणसं जेवणाचे डबे सावरत उतरत होती. एवढी माणसं उतरतायत म्हणजे जालनाच, असं म्हणून मीही उतरले. गाडी गेली आणि समोर पाटी दिसली, बदनापूर. ती सगळी इथल्या कचेऱ्यांत रोज येणारी मंडळी होती. पाच मिनिटांत फलाटावर मी आणि एक कुत्रं एवढेच उरलो.

पुढच्या गाडीला वेळ होता, म्हणून रस्त्यावर येऊन काळीपिवळी जीप गाठली. माझ्या शेजारी एक पन्नाशीच्या बाई बसल्या, मांडीवर मोसंबीची पिशवी. जीप हलायच्या आत त्यांनी एक मोसंबं सोलून निम्मं माझ्या हातावर ठेवलं. आमच्याकडे अनोळखी माणसाला काही द्यायचं तर आधी चार वाक्यं लागतात. इथे मोसंबं आधी आणि चौकशी नंतर.

"काय करता तुम्ही?"

"काही विशेष नाही. गोधड्यांचं असंच."

"असंच म्हंजे? दुकान हाय का न्हाई?"

"आहे."

"तुमचंच ना?"

"आमचं आहे," मी म्हटलं, आणि घाईघाईने मोसंब्याच्या बिया मोजायला लागले.

त्या बाई विम्याच्या एजंट होत्या. "मी तालुक्यात एक नंबरची एजंट हाय," त्या म्हणाल्या. कोणी विचारलंही नव्हतं. समोरच्या बाकावरच्या दोन शिक्षकांनी माना डोलावल्या. स्वतःच्या तोंडाने, भर जीपमध्ये, एक नंबर! पण त्यांच्या चेहऱ्यावर ना मिजास होती ना लाज. आज बुधवार आहे म्हणावं तसं त्या म्हणाल्या होत्या. मग त्यांनी मला कार्ड दिलं आणि माझं मागितलं. माझी कार्डं तीन वर्षांपूर्वी छापून झालीत. खोका फोडलेला नाही.

"कार्ड न्हाई," त्या काळजीने म्हणाल्या, "मंग लोकं तुम्हाला हुडकतेत कसं?"

जालन्याला उतरताना त्यांनी आणखी दोन मोसंबी माझ्या पर्समध्ये कोंबली.

केदारखेडा

साताऱ्याच्या माणसाला नजर वर करून डोंगर बघायची सवय असते. केदारखेड्याच्या वाटेवर नजर कुठे अडतच नाही. काळी जमीन, तिच्यावर तूर, वेचणी चाललेला कापूस, मधूनच हिरव्या मिरचीचे वाफे, आणि एवढं मोठं आभाळ की पहिला तासभर मला उगाच उघड्यावर आल्यासारखं वाटत होतं. हिवाळ्याचं ऊन मात्र फार मायेचं.

संगीता फाट्यावर घ्यायला आली होती. ती आता अंगणवाडीत काम करते. वाटेत भेटणाऱ्या प्रत्येकाला "जयभीम" घालत आणि "ह्या साताऱ्याच्या ताई, आपल्या गोधड्यावाल्या" असं सांगत ती मला घरी घेऊन गेली. मी प्रत्येक वेळी मान खाली घालून "नाही नाही, मी काय" असं पुटपुटत होते. तिसऱ्या वेळी ती म्हणाली, "ताई, न्हाई न्हाई कामून करू राह्यल्या? गोधड्यावाल्या न्हाई का तुम्ही?"

घरासमोर शेणाने सारवलेलं अंगण, आणि अंगणात पसरलेली एक भलीमोठी गोधडी. तिच्या चार बाजूंना चार बायका, कडेकडून मधे सरकत टाके घालणाऱ्या. कौसाबाई कोणत्या ते विचारावं लागलं नाही. पासष्टीच्या, बारीक चणीच्या, डोक्यावर पदर, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. त्यांनी सुई अंगठ्यापाशी धरून मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "फोनवर लै जाड वाटत व्हत्या." चौघी हसल्या. मला एकदम घरी आल्यासारखं झालं.

आत भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, त्यांच्याखाली संगीताचा पदवीच्या काळ्या झग्यातला फोटो. जेवायला ज्वारीची भाकरी, येसराची आमटी, मिरचीचा ठेचा आणि ओल्या कांद्याची पात. आमच्याकडे पाहुण्याला तीनदा आग्रह करतात आणि तिसऱ्यांदा तो "अर्धीच" म्हणतो. इथे कौसाबाई न विचारता वाढत गेल्या. ताटावर हात आडवा धरल्याशिवाय सुटका नाही हे मला चौथ्या भाकरीला कळलं.

जेवण झाल्यावर मी गोधडीपाशी बसले. टाका इतका बारीक की तांदळाचा दाणा त्यापुढे मोठा. आणि मग मला तो कोपरा दिसला.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. पहिल्या सहा गोधड्यांपासून आजपर्यंत, केदारखेड्याहून आलेल्या प्रत्येक गोधडीचा एक कोपरा न शिवलेला असायचा. जास्त नाही, चार बोटं आत जातील एवढीच फट. बाकी सगळीकडे नजर लागावी असं काम, आणि शेवटच्या कोपऱ्यावर सोडून दिलेलं. मला वाटायचं, दोरा संपत असेल, नाहीतर चुलीवरची आमटी उतू जात असेल. वडीलधाऱ्या बाईला फोनवरून तिची चूक कशी सांगायची? मग मी दुकान बंद केल्यावर माझ्या शिलाईमशिनवर तो कोपरा बंद करायची, रंगाला रंग जुळवून, कोणाला कळू नये असा. खरं सांगायचं तर या सगळ्या धंद्यात माझ्या हाताचं म्हणावं असं तेवढंच काम होतं. मला त्याचा मनातल्या मनात थोडा अभिमानही होता. आताही तो उघडा कोपरा बघून मी काही बोलले नाही. म्हटलं, आपण आहोत ना झाकायला.

ऊन उतरायला लागल्यावर संगीताने माझा फोन हातात घेतला आणि आम्ही व्हिडिओला बसलो. कौसाबाईंनी पदर सारखा केला, चष्मा पुसला आणि दगडासारख्या बसल्या.

"बोला मावशी," मी म्हटलं.

"मी काय बोलू? तुम्ही बोला. तुम्ही शिकलेल्या."

"गोधडी तुमची आहे ना?"

"दुकान तुमचं हाय ना?"

"लोकांना तुम्हाला बघायचंय, मावशी."

"मला बघून काय करतेत? माझ्या चष्म्याची दांडी बी मोडेल हाय."

संगीताने अकरा व्हिडिओ काढले. अकराही माझ्याकडे आहेत. प्रत्येकात एक बाई म्हणते "तुम्ही बोला" आणि दुसरी म्हणते "नाही नाही, तुम्ही बोला", आणि फोन हलत असतो कारण धरणारी हसत असते. अकराव्यात कौसाबाईंनी गोधडीचं टोक उचलून सरळ तोंडावर घेतलं. मी साताऱ्याहून ज्यांच्या पाठीमागे लपायला आले होते, त्या माझ्याच पाठीमागे लपायला बघत होत्या.

भोकरदनचा बाजार

दुसऱ्या दिवशी बाजार होता. कौसाबाई दोन गोधड्या घेऊन निघाल्या, मीही गेले. मनात आशा, की बाजारात तरी बोलतील आणि मला गुपचूप ते फोनवर घेता येईल.

बाजार म्हणजे नुसता आवाज. मिरचीवाला ओरडतोय, भांडीवाला परातीवर परात आपटतोय, एक बांगडीवाली समोरून जाणाऱ्या प्रत्येकीला "ओ सुनबाई" म्हणून थांबवतेय. त्या सगळ्यात कौसाबाईंनी एक पोतं अंथरलं, गोधड्या ठेवल्या आणि हाताची घडी घालून बसल्या. अर्धा तास तोंडातून शब्द नाही. मी शेजारी बसून चुळबुळत होते. दुसऱ्याने गप्प बसलेलं बघवत नाही, हे मला तिथे कळलं.

मग एक बाई आली, बरोबर सून असावी. कौसाबाईंनी गोधडी उलगडली. रंगांबद्दल नाही, टाक्यांबद्दल नाही, काही बोलल्या नाहीत. तो कोपरा धरला आणि त्या बाईपुढे केला. बाईने सरळ त्या फटीत हात घातला, मनगटापर्यंत. आतलं कापड बोटांनी चाचपलं, थोडं बाहेर ओढून रंग पाहिला, सुनेला दाखवलं.

"आत लुगडं सुतीच हाय," कौसाबाई आता म्हणाल्या. "पर मधी एक लुगडं इरेल व्हतं, त्याला ठिगळ देल्यालं हाय. आन् वजनाला भारी हाय. लेकराला घालायची आसंल तर नका घिऊ."

"म्हातारीला पाह्यजे."

"मंग बराबर हाय. तीन हिवाळे काही व्हत न्हाई हिला. असा टाका तुम्हाला ह्या बाजारात दुसरा भेटायचा न्हाई."

हे शेवटचं वाक्य त्या एवढ्या सहज बोलल्या की मला बदनापूरच्या एजंटबाई आठवल्या. गोधडी गेली. मी मात्र फोन काढायचंच विसरले होते. माझी नजर दुसऱ्या गोधडीच्या कोपऱ्यावर होती. फटीच्या दोन्ही कडा आत दुमडून नीट शिवलेल्या होत्या. दोरा संपला म्हणून सुटलेली कड अशी नसते. हे मी चार वर्षांत कितीतरी वेळा हातात धरलं होतं.

"मावशी," मी विचारलं, "हा कोपरा असा का ठेवता?"

"तो व्हय." त्या पोत्यावर जरा सैल बसल्या. "गुडघे गेले, शेतातलं काम व्हईना, तवा पैल्यांदा गोधडी घिऊन आल्ते मी हितं. एक बाई आली आन् म्हनली, वरून गोड दिसती, आत चिंध्या नाहीतर पलास्टिक भरेल आसंल. असं भरतेत लोकं, ती खोटं नव्हती बोलत. पर मला लागलं. म्या किती सांगावं, न्हाई हो बाई, चांगली लुगडी हायेत. आपल्याच तोंडानं आपलं चांगलं सांगायला जीभ उचलंना. मंग म्या शेजारच्या न्हाव्याकडनं वस्तऱ्याचं पान मागून घेतलं अन् कोपरा टरकन उसवला. म्हनलं, घाल हात."

"मग?"

"मंग काय, घेतली की तिनं. तवापास्नं मी कोपरा मोकळाच ठिवते. आडतीवर पोत्यात नळी खुपसून दाणे बघतेत का न्हाई? तसं. ज्याला बघायचंय त्यानं हात घालावा. मला बोलायचं काम न्हाई."

त्या खुशीत होत्या. एवढं बोलून त्यांनी मला भजी घेऊन दिली. मी ती तशीच कागदात गुंडाळून पर्समध्ये ठेवली.

केदारखेडा, परत

परतीच्या जीपमध्ये मी त्या फटीचाच विचार करत होते. एका बाईने आयुष्यात स्वतःबद्दल सांगायची एकच रीत शोधून काढली होती, न बोलता सांगायची, आणि ती मी दर आठवड्याला रंगाला रंग जुळवून बंद करत आले होते. तेही प्रेमाने. सांगू नये असं सारखं वाटत होतं. कौसाबाई कधी साताऱ्याला यायच्या नव्हत्या, त्यांना कळायचं कारण नव्हतं. पण मग त्यांच्या भाकऱ्या कोणत्या तोंडाने खाणार?

अंगणात पोचल्यावर चहा झाला. बायका पुन्हा गोधडीभोवती बसल्या. मी म्हटलं, "मावशी, तुमचे कोपरे मी बंद करत आलेय. मशिनवर शिवून."

कौसाबाईंची सुई थांबली. "कोणते?"

"सगळे."

"समद्या गोधड्यांचे?"

"पहिल्या सहापासून."

संगीता कप हातात घेऊन दारातच उभी राहिली. कौसाबाईंनी समोरचा कोपरा धरला आणि फटीच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिल्या. त्या रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. माझे डोळे भरून आले होते, आणि आता आपणच रडलो तर ह्यांनाच आपली समजूत घालावी लागेल, म्हणून मी ते आवरत होते.

"कामून पण?" त्यांनी विचारलं.

"मला वाटलं, दोरा संपतो."

"चार वरीस बराबर एकाच कोपऱ्यावर दोरा संपतोय व्हय?" पलीकडची एक म्हणाली, आणि बायका फुटल्या. कौसाबाई हसल्या नाहीत.

"इचारलं कामून न्हाई?"

"संकोच वाटला. तुमची चूक काढल्यासारखं झालं असतं."

"घ्या. मला सांगायला लाज, आन् तुम्हाला इचारायला लाज." मग त्यांच्या कपाळावर एक आठी आली, हिशोब न जुळणाऱ्या माणसाच्या कपाळावर येते तशी. "थांबा ताई. कोपरा तुम्ही बंद केला. मला तिकडं कुणी वळखत न्हाई. मंग त्या लोकांनी काय बघून घेतल्या?"

हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. मी आठवायला लागले. दुकानात माणूस येतो, मी गोधडी पसरते. सांगते की आत सुती लुगड्यांचे किती थर आहेत, कशी धुवायची, कुठे वाळवायची. गुडघे दुखणाऱ्या आजीसाठी हवी असेल तर जड देत नाही. नुसतीच भिंतीवर लटकवायची असेल तर म्हणते, राहू द्या, ही अंगावर घ्यायची वस्तू आहे. पुण्याचे एक गृहस्थ तीनदा येऊन गेले, आता दर हिवाळ्यात येतात. हे सगळं मी अडखळत सांगितलं.

"म्हंजे तुमच्या सांगण्यावर घेतल्या."

"तसंच म्हणायचं."

"आतलं न दाखवता चार वरीस इकल्या तुम्ही." कौसाबाईंनी चष्मा काढला. त्यांच्या आवाजात खरोखरचं आश्चर्य होतं. "मला त एक बी इकता आली न्हाई तशी. आन् म्हंता बोलता येत न्हाई."

आता मात्र मला रडू आवरलं नाही. माझ्या आईला हे कधी म्हणावंसं वाटलं असेल का, ते मला माहीत नाही. पण कोणीतरी म्हणायची मी पन्नास वर्षं वाट बघत होते, हे मला त्या अंगणात समजलं. कौसाबाईंनी पदराने माझं तोंड पुसलं. त्या पदराला सुताचा आणि उन्हाचा वास होता.

"बस झालं," त्या म्हणाल्या. "संगे, फोन काढ. ताई बोलत्यात."

"मला नाही जमणार, मावशी. काय सांगू?"

"बाजारात ऐकलं न्हाई का? खोड आधी सांगायची. आमचा बाप बैल इकायचा, त्याचं म्हननं व्हतं. आधी गुण सांगितले की समोरचा खोडच हुडकतो. खोड सांगून टाकली की मंग गुण सांगाया जीभ अडत न्हाई."

मी गोधडीच्या कडेला बसले. संगीताने फोन धरला, या वेळी न हलवता. एक कोंबडी मधून गेली, ती जाऊ दिली.

"माझं नाव वसुधा," मी म्हटलं. "साताऱ्यात माझं गोधड्यांचं दुकान आहे. आधी माझी खोड सांगते." आणि मी कोपऱ्यांची गोष्ट सांगितली, काही न लपवता. फटीत हात घालून आतलं लुगडं बाहेर ओढून दाखवलं. मग म्हटलं, "मला गोधडी शिवता येत नाही. पण कोणती गोधडी कोणाच्या अंगावर शोभेल ते मला कळतं, आणि ते मला चांगलं कळतं. मी जे सांगते तेच आत निघतं. म्हणून माझ्याकडून घ्या." शेवटची तीन वाक्यं म्हणताना कान तापले, पण आवाज गेला नाही.

"झालं का?" कौसाबाईंनी विचारलं.

"दोन मिनिटं पाह्यजे व्हते, साडेचार झाले," संगीता म्हणाली.

"आसू दे. आता माझं बी घे." त्या उठून माझ्या जागेवर बसल्या, पदर सारखा केला आणि फोनकडे रोखून बघत म्हणाल्या, "मी कौसाबाई. केदारखेडा. हात घालून बघा." आणि उठल्या.

सातारा

निघताना कौसाबाईंनी ठेच्याची बरणी दिली, आणि जीपच्या खिडकीतून हात आत घालून माझा दंड धरला. "आता शिवू नका," एवढंच म्हणाल्या.

घरी आल्यावर पहिलं काम म्हणजे दुकानात शिल्लक असलेल्या नऊ गोधड्यांचे कोपरे मी उसवले. माझेच टाके, माझ्याच हाताने. मशिनचा टाका सुटताना फार चिवट असतो. दुसरं काम म्हणजे कार्डांचा खोका फोडला. त्यातलं एक बदनापूरच्या एजंटबाईंना पोस्टाने पाठवलं.

सोमवारी व्हिडिओ गेला, साडेचार मिनिटांचाच, कौसाबाईंच्या शेपटासकट. गुरुवारी दुकानाचा फोन वाजला. हॉटेलमधून खरेदी बघणारे कोणी गृहस्थ बोलत होते, घाईत होते.

"मॅडमना व्हिडिओ आवडलाय. चाळीस नक्की करायच्यात. फक्त ते उघडे कोपरे तेवढे बंद करून द्या. आमच्याकडे सगळं लाँड्रीत जातं."

"नाही," मी म्हटलं. "कोपरे उघडेच राहतील. कडा आत शिवलेल्या असतात, धुण्यात काही होत नाही. पाहिजे तर आधी एक नेऊन धुऊन बघा."

डोळ्यांसमोर ते अंगण होतं आणि गोधडीभोवतीच्या चौघी.

"असं करा," ते म्हणाले, "एकदा मालकांना विचारून सांगता का?"

वही समोरच होती, पेनही. चार वर्षांची सवय तोंडापर्यंत आली. मी पेन खाली ठेवलं.

"विचारायची गरज नाही," मी म्हटलं. "मालक मीच आहे. कोपरे उघडे राहतील."

ते "बघतो" म्हणाले आणि फोन ठेवला. दुपार कशी गेली ते मी सांगत नाही. दुकान बंद करायच्या वेळी हॉटेलवाल्या बाईंचा निरोप आला: चाळीस, कोपऱ्यांसकट, आणि कौसाबाईंच्या चष्म्याची काडी आम्ही करून दिली तर चालेल का? मी तो तसाच संगीताला पाठवला. तिचं उत्तर यायला पाच मिनिटं लागली. "आत्याबाई म्हंत्यात काडी ऱ्हाऊ द्या, दोरा बराबर हाय. कापसाला गेलेल्या दोघींला बोलवायला त्या सोता गेल्यात."

त्या संध्याकाळी मी घरी लवकर आले होते. ज्वारीच्या भाकऱ्या थापल्या, शेजारी कौसाबाईंचा ठेचा. नवरा आला. दारात चपला काढल्याचा आवाज आला आणि मागोमाग रोजचा प्रश्न.

"मालक आलेत का?"

"आलेत," मी आतून म्हटलं. "हात धू. जेवायला बस."